बंब, बॉम्ब आणि बादलीभर पाणी

बावीस वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी मैत्रिणीने मला एक खोका दिला. आत सहा गोळे, एकेक बुंदीच्या लाडवाएवढा. जांभळा, गुलाबी, पिवळा, वर चकाकणारी भुकटी. माझी रूममेट त्यातला एक उचलून तोंडाजवळ नेणार, तेवढ्यात मी खोक्यावरचं नाव वाचलं. बाथ बॉम्ब. मागे सूचना होत्या. टब कोमट पाण्याने भरा. गोळा सोडा. आत शिरा आणि सगळं विसरा.

पुण्यात आम्ही तिघी राहतो त्या फ्लॅटच्या बाथरूमचं दार उघडलं की बादलीला लागतं. टबाचा प्रश्नच नव्हता. मग मी तेच केलं, जे तुम्हीही केलं असतं. गीझरचं पाणी बादलीत काढलं आणि जांभळा गोळा त्यात सोडला.

गोळा फसफसत स्वतःभोवतीच फिरायला लागला. दोन-तीन मिनिटांत बादलीभर पाणी जांभळं झालं आणि बाथरूममध्ये लव्हेंडरचा वास भरून राहिला. खरं सांगते, मजा आली. मग मी त्या पाण्याचे मग अंगावर ओतायला लागले आणि ते सगळं वैभव बघता बघता जाळीतून खाली गेलं. विसरायला वेळच मिळाला नाही. शेवटचा मग ओतताना लक्षात आलं, की माझी नजर पायाखाली घमेलं शोधते आहे.

घमेल्याचं पुढे सांगते. आधी तो आवाज. गोळा पाण्यात पडल्यावर झालेला फस्स आवाज मी शेकडो वेळा ऐकला होता. लग्नाच्या पंगतीतून जेवून आल्यावर बाबा ग्लासात इनोची पुडी सोडतात, त्याचा तो आवाज.

पुडी आणि बॉम्ब सख्खी भावंडंच आहेत. इनोच्या आपल्याकडच्या पुडीवर घटकांची नावं छापलेली असतात: स्वर्जिक्षार आणि निंबुकाम्ल. नावं ऐकून ऋषिमुनी आठवतात, पण एक आहे खायचा सोडा आणि दुसरं लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड. कोरडे असेपर्यंत दोघे एकमेकांशेजारी महिनोन्महिने गप्प बसतात. पाणी लागलं की त्यांची गाठ पडते आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटतात. बाथ बॉम्बमध्येही हेच दोघे असतात. वर रंग, तेल आणि अत्तर.

यातलं लिंबूसत्त्व कार्ल विल्हेल्म शीले या रसायनशास्त्रज्ञाने १७८४ साली लिंबाच्या रसातून स्फटिकांच्या रूपात वेगळं केलं. एकोणिसाव्या शतकात फसफसणारी चूर्णं युरोपभर औषध म्हणून खपू लागली. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल बंदरातले औषधविक्रेते जेम्स क्रॉस्ली इनो यांनी आपलं फळमीठ विकायला सुरुवात केली तीही याच काळात. १९३१ साली अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या एल्खार्ट गावी याच जोडगोळीत ॲस्पिरिन मिसळून अल्का-सेल्टझरची टिकिया बाजारात आली. तोवर हे सगळं पोटासाठी होतं.

पोटातून अंगावर येण्याची प्रसिद्ध गोष्ट १९८९ सालची. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पूल गावात मो कॉन्स्टंटाइन यांनी घराच्या बागेतल्या शेडमध्ये अल्का-सेल्टझरच्या टिकियेवरून स्फूर्ती घेऊन आंघोळीचा गोळा बनवला. त्या आणि त्यांचे पती तेव्हा ‘कॉस्मेटिक्स टू गो’ नावाने टपालाने सौंदर्यप्रसाधनं विकत. तो धंदा १९९४ मध्ये बुडाला आणि पुढच्याच वर्षी त्याच मंडळींनी ‘लश’ उभी केली. आज रील्समध्ये जो रंगीत गोळा फुटताना दिसतो, त्याची वंशावळ सहसा या शेडपाशी सुरू करतात.

मी मात्र आणखी मागे गेले. फसफसणारी आंघोळ त्या शेडपेक्षा बरीच जुनी निघाली. जर्मनीत फ्रँकफर्टजवळ बाड नाउहाइम नावाचं गाव आहे. तिथल्या कोमट झऱ्यांमध्ये मुळातच कार्बन डायऑक्साइड असतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शॉट बंधू नावाच्या डॉक्टरांनी तिथे हृदयरोग्यांना या पाण्यात बसवून उपचार सुरू केले. त्यांचं नाव झालं तशी दूरदूरची माणसं तिथे येऊ लागली आणि ज्यांना येणं जमत नव्हतं त्यांच्यासाठी इतर गावांतले डॉक्टर टबात सोडा आणि आम्ल मिसळून नकली नाउहाइम तयार करू लागले. म्हणजे बाथ बॉम्बचे पूर्वज हृदयाचं औषध होते.

जपानमध्येही काओ कंपनीने ‘बाबू’ नावाची फसफसणारी आंघोळीची टिकिया १९८३ साली आणली, शेडच्या सहा वर्षं आधी. जपानी घरात माणूस आधी टबाबाहेर बसून साबण लावून अंग धुतो आणि स्वच्छ होऊन मग गरम पाण्यात उतरतो. त्याच पाण्यात एकामागून एक सगळं घर बसतं. राहिलेलं पाणी अनेक घरांत दुसऱ्या दिवशी कपड्यांना वापरतात आणि ते ओढून घ्यायला तिथल्या कपडे धुण्याच्या यंत्रांना पंप आणि नळी असते. हे वाचलं तेव्हा मला आमचं घमेलं पुन्हा आठवलं.

मग प्रश्न पडला, की सोडा आणि लिंबूसत्त्व इतकी जुनी, तर इंग्लंडमध्ये ही गंमत घरोघरी पोचायला इतका उशीर का लागला? उत्तर गोळ्यात नाही, टबात आहे. १९५१ च्या जनगणनेत ब्रिटनमधल्या तीनपैकी एकाहून अधिक कुटुंबांकडे बसवलेला टबच नव्हता. पत्र्याचं टब शेकोटीपुढे ठेवायचं, चुलीवर तापवलेलं पाणी त्यात ओतायचं आणि सगळ्या घराने आळीपाळीने त्यातच उतरायचं, ही तिथल्या कामगारवस्तीतली आंघोळ होती. दुसऱ्या महायुद्धात इंधन वाचवण्यासाठी टबात पाच इंचांहून जास्त गरम पाणी घेऊ नका असं सरकारने लोकांना सांगितलं. १९४२ साली एलिनॉर रूझवेल्ट बकिंगहॅम राजवाड्यात पाहुण्या म्हणून उतरल्या, तेव्हा राजाच्या टबांवरही पाच इंचांची रेघ ओढलेली होती. एका माणसाने टब काठोकाठ भरावा, त्यात एक गोळा विरघळवावा आणि नंतर बूच काढून सगळं सोडून द्यावं, ही चैन त्या रेघेनंतरच्या दोन पिढ्यांची आहे.

आपल्याकडे सुगंधाची वानवा कधीच नव्हती. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राजाने कोणकोणते भोग कसे घ्यावेत याच्या यादीत ‘स्नानभोग’ असं स्वतंत्र प्रकरण आहे. ही कल्याणी म्हणजे आजचं कर्नाटकातलं बसवकल्याण, आमच्या लातूरपासून फार लांब नाही. राजाचं राहू द्या, दिवाळीत आपल्या घरातही तेल असतं, नागरमोथा, कचोरा, वाळा आणि संत्र्याच्या सालीचं उटणं असतं. आंघोळ आणि बॉम्ब यांची सांगडही आपण कधीच घातली आहे. नरकचतुर्दशीला पहाटे मोरीत एकजण कुडकुडत असतो, बाहेर दुसरा फुलबाजी धरून उभा असतो आणि अंगणात तिसरा सुतळी बॉम्बची वात सरळ करत असतो. पायाच्या अंगठ्याखाली चिरडायचं कारीट वेगळंच.

शिवाय आमच्या न्हाणीत बंब होताच. आजीचा तांब्याचा बंब तिच्या लग्नातला. मधल्या नळकांड्यात चिपाडं आणि गोवऱ्यांचे तुकडे पेटवायचे, भोवतीचं पाणी तापायचं, वरून जितकं थंड पाणी ओतावं तितकं गरम पाणी तोटीतून बाहेर यायचं. आजी तो चिंच आणि राखेने घासायची. या ‘बंब’ शब्दाचं मूळ पोर्तुगीज ‘बोंबा’मध्ये सांगतात. पोर्तुगीजमध्ये बोंबा म्हणजे पंप, म्हणून आग विझवणारी गाडीही आपल्याकडे बंबच. गंमत अशी, की त्याच भाषेत बोंबा म्हणजे बॉम्बसुद्धा. आजीच्या बंबाची आणि माझ्या खोक्याची सोयरीक अशी शब्दकोशात निघाली.

थोडक्यात, सोडा होता, लिंबू होतं, सुगंध होता, नावसुद्धा होतं. नव्हतं ते साठवून मग सोडून देता येईल इतकं पाणी.

२०१६ च्या उन्हाळ्यात मी सातवीत होते. मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि लातूरचे नळ नुसती हवा सोडायचे. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ पाचहून जास्त माणसांनी जमू नये म्हणून कलम १४४ लागलं. पाण्यापाशी गर्दी करणं गुन्हा, हे आम्हा मुलांना समजावताना बाई अडखळल्या होत्या. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. स्टेशनवर फुलं, घोषणा, कॅमेरे. तेव्हा मला तो आकडा समुद्राएवढा वाटला होता. परवा बसून भागाकार केला. शहराची वस्ती चार लाखांच्या आसपास, म्हणजे माणशी साधारण सव्वा लिटर. त्याच पाण्याने मध्यम आकाराचे, दीडशे लिटरचे टब भरले असते, तर सव्वातीन हजारांच्या पुढे भरले असते. शहरी माणसाला दिवसभराच्या सगळ्या गरजांसाठी १३५ लिटर पाणी मिळावं असं आपल्याकडचं प्रमाण आहे. एक टब त्याहून मोठा.

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात आंघोळ घमेल्यात उभं राहून व्हायची. प्रत्येकाला अर्धी बादली. घमेल्यात जमलेलं पाणी आजी वेगळ्या पिंपात ओतायची आणि संडासला तेच वापरायचं. धाकट्या भावाने एकदा खेळता खेळता घमेलं लाथाडलं. आजीने त्याला मारलं नाही. ती ओल्या फरशीवर बसली आणि फडक्याने पाणी टिपून ते परत घमेल्यात पिळत राहिली. तिच्यापुढे कोणी काही बोललं नाही. आजही शॉवरखाली दोन मिनिटं झाली, की मला ते फडकं दिसतं.

म्हणून उरलेले पाच गोळे महिनाभर तसेच पडून राहिले. वापरायची लाज वाटत होती आणि टाकायची त्याहून जास्त. मधल्या काळात घरीच बॉम्ब बनवायचा प्रयत्न केला: दोन वाट्या सोडा, एक वाटी लिंबूसत्त्व, थोडं खोबरेल, गेल्या दिवाळीचं उरलेलं उटणं. भर पावसाळ्यात. हवेतल्या ओलीनेच ते ओट्यावर फुगायला लागलं आणि सकाळपर्यंत त्याची भाकरी झाली. ज्या लातूरला हवेतही ओल नसायची, तिथे एप्रिलमध्ये केले असते तर उत्तम जमले असते. पण तिथे ते विरघळवणार कशात?

श्रावणात आजी पुण्याला आली. प्रवासाने तिचे पाय सुजले होते. मी घमेल्यात चारेक लिटर कोमट पाणी घेतलं, तिच्यापुढे ठेवलं आणि गुलाबी गोळा हातात दिला.

“हे काय गं?”

“टाक तर खरं.”

तिने टाकला. फसफस सुरू झाली तशी ती आधी दचकली, मग वाकून बघायला लागली. “अगं, इनोच की हा! पाय काय जेवलेत का माझे?”

पाणी गुलाबी झालं आणि तिने पाय आत सोडले. बुडबुडे घोट्यांना लागत होते. ती हसली, मग गप्प झाली आणि भिंतीला टेकून डोळे मिटून बसली. खोक्यावर लिहिलं होतं तसं सगळं विसरली की नाही, माहीत नाही. पाणी गार होईपर्यंत मात्र उठली नाही. तिला नुसतं बसलेलं मी फार कमी वेळा पाहिलं आहे.

नंतर मी घमेलं उचलून मोरीकडे निघाले.

“ओतू नको,” डोळे न उघडता ती म्हणाली.

सोड्याचं पाणी झाडांना चालत नाही, म्हणून ते संडासच्या बादलीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रूममेट किंचाळली, कारण कमोडमध्ये सगळं गुलाबी झालं होतं आणि गुलाबाचा वास येत होता. अजून चार गोळे आहेत. आजी दिवाळीपर्यंत राहणार आहे.