ऑस्टिनला अ‍ॅम्बेसेडरचं हेड

जुन्या गाड्यांची नोंद करताना आपण मालक कोण, गाडी कुठून आली, नंबर काय, एवढं लिहितो. पण साठ-पासष्ट वर्षं ती चालती कशी राहिली, हे लिहायचं राहून जातं. तो इतिहास टर्नर आणि मेस्त्री लोकांच्या हातात असतो आणि त्यांच्याबरोबरच जातो. म्हणून हे टिपण एका सिलिंडर हेडबद्दल.

गाडी ऑस्टिन ए-५० केंब्रिज, १९५६ची. पोर्तुगीज अमलात गोव्यात उतरलेली, नंतर घाट चढून बेळगावात आलेली. गोव्यात तेव्हा परदेशी गाड्या सहज मिळत. इकडे चित्र वेगळं होतं. १९५३च्या टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर नुसती जुळणी करणाऱ्या कंपन्यांना भारतात थारा उरला नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. पुढे परकीय चलनाची टंचाई आली. डिसेंबर १९६१मध्ये गोवा मुक्त झाला आणि तिथल्या गाड्याही याच नियमांखाली आल्या. गाडी दारात, पण पार्ट यायची वाट बंद.

ऑस्टिनचं नशीब मात्र चांगलं. तिचं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं ‘बी सिरीज’: १४८९ सीसी, बोअर ७३.०२५ मिमी, स्ट्रोक ८८.९ मिमी. हेच इंजिन हिंदुस्तान मोटर्सनं १९५९च्या सुमारास अ‍ॅम्बेसेडरमध्ये घातलं. त्याआधी तिच्यात १४७६ सीसीचं साइड-व्हॉल्व्ह इंजिन होतं. म्हणजे जो पार्ट विलायतेहून आणायची मारामार, त्याचा सख्खा भाऊ बंगालमध्ये उत्तरपाड्याला तयार होत होता! ज्या मेस्त्रींना हे कळलं त्यांनी ऑस्टिन, मॉरिस जगवल्या. बाकीच्या भंगारात गेल्या.

आमच्या गाडीचं हेड मधल्या दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटजवळ तडकलं होतं. या इंजिनाची ही जुनी खोड. एक्झॉस्टला चार सिलिंडरांत तीनच पोर्ट, मधला पोर्ट दोघांत सामाईक, त्यामुळे तिथं उष्णता साचते. ब्रास भरून एकदा डागडुजी झालेली होती, पण बिडाला असा जोड फार काळ धरत नाही.

हेड शोधताना ‘अ‍ॅम्बेसेडरचं हेड द्या’ एवढं सांगून भागत नाही. डिझेलही १४८९ सीसीचंच आहे, पण त्याचं हेड सर्वस्वी वेगळं. १९९०नंतरच्या इसुझू १८०० इंजिनात तर कॅमशाफ्टच वर बसलेला. कुर्ला, दिल्लीचं मायापुरी, चेन्नईचं पुदुपेट, सगळीकडे विचारपूस केली. शेवटी पेट्रोलचं एक हेड मिळालं. अकरा स्टडची भोकं जुन्या गॅस्केटवर ठेवून ताडून पाहिली, तंतोतंत जुळली. घ्यायच्या आधी रॉकेल आणि खडूनं तडा तपासावा. चकचकीत रंगवलेल्या हेडवर तर जास्तच संशय घ्यावा.

खरं काम पुढे. फेब्रुवारी २०००पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. पूर्वी पेट्रोलमधल्या शिशाचा पातळ थर व्हॉल्व्हच्या सीटला सांभाळत असे. तो गेल्यावर बिडातच कापलेली सीट झिजते, व्हॉल्व्ह आत आत बसत जातो आणि टॅपेटची फट नाहीशी होते. म्हणून एक्झॉस्टला कठीण धातूच्या रिंगा बसवल्या. त्यासाठी हेडमध्ये खाच बोअर करावी लागते आणि खाली लगेच पाण्याचं जॅकेट असतं. इथं घाई करणारा टर्नर नको. हेड गरम करून, रिंग थंड करून ती दाबून बसवायची आणि मग पाण्याच्या दाबाखाली हेड पुन्हा तपासायचं.

मग फेसिंग. ‘थोडं जास्त घ्या, पिकअप वाढेल,’ असा सल्ला प्रत्येक गॅरेजात मिळतो. मी आकडेमोड केली. एका सिलिंडरचं घनफळ ३७२.३ सीसी. कॉम्प्रेशन ७.२ ठेवायचं तर पिस्टनच्या वर एकूण ६० सीसी जागा हवी; ८.३ हवं तर ५१. हेडच्या पोकळीचं तोंड ३२ चौ. सेंमी धरलं तर १ मिमी कापल्यावर ३.२ सीसी जातात, आणि ७.२चं साधारण ७.५५ होतं. म्हणजे बिडाची जाडी कायमची घालवून मिळतं ते एवढंच. आम्ही पृष्ठभाग सपाट होण्यापुरतंच घेतलं. चारही पोकळ्या काच ठेवून ब्युरेटनं रॉकेल भरून मोजल्या, आणि कमी भरल्या त्या घासून सारख्या केल्या.

हे सगळं उद्यमबागेत झालं, त्याचं मला नवल वाटत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८मध्ये सायकलचं दुकान काढलं ते याच गावात, आणि १९१०मध्ये किर्लोस्करवाडीला जायच्या आधी लोखंडी नांगर तयार केले तेही इथंच. ओतकाम आणि लेथ यांचं वळण गावाला जुनं आहे. पण एका हेडसाठी दोन दिवस मशीन अडवून ठेवायला तयार असणारी माणसं आता थोडीच उरली.

‘मूळपण गेलं’ अशी तक्रार काही संग्राहक करतील. मला ती मान्य नाही. या गाडीनं भारतात काढलेली वर्षंही तिचाच इतिहास आहेत, आणि त्या वर्षांत अ‍ॅम्बेसेडरचा पार्ट ऑस्टिनला लागणं हीच रीत होती. मात्र बदल लपवू नये. नव्या हेडच्या कडेला पंचानं वर्ष ठोकलं आहे. फेसिंगची मापं, रिंगांचे व्यास आणि पोकळ्यांचे आकडे गाडीच्या कागदांत लावले आहेत. तडकलेलं हेड विकलं नाही. ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून ठेवलं आहे. मंडळातल्या कुणाला तडा आणि ब्रासचा तो जुना जोड बघायचा असेल तर जरूर कळवावं.