धोलावीरा तासाभरात 'उरकू' नका

"धोलावीरा बघायला साधारण किती वेळ लागतो रे?" गेल्या काही महिन्यांत ऑफिसमधल्या चौघांनी मला हे विचारलं, आणि चौघांनाही मनातून 'तासभर' हेच उत्तर हवं होतं. कारण सगळ्यांचा प्लॅन एकच. भूजला उतरायचं, पांढरं रण बघायचं, खावड्याहून रणातून जाणाऱ्या त्या सरळसोट रस्त्यावर फोटो काढायचे, आणि रस्ता तिकडेच जातोय तर जाता जाता हडप्पा संस्कृतीही उरकायची.

मंडळी, असं करू नका. द्यायचा तर पूर्ण दिवस द्या, नाहीतर फोटो काढून त्याच रस्त्याने परत फिरा. तासाभरात तिथे फक्त दगड दिसतात. बघायचंय ते पाणी. आता त्यात पाणी नाही, हा भाग वेगळा :)

आधी थोडा हिशेब. कच्छमध्ये वर्षाचा पाऊस सरासरी 300-400 मिलिमीटर. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पडला होता, म्हणजे कच्छचा दोन-अडीच वर्षांचा पाऊस आपण एका दिवसात घेतला आणि समुद्राला देऊन टाकला. धोलावीरा आहे खदीर बेटावर, चहूबाजूंनी रणाचं मीठ. मोहेंजोदडोला शेजारी सिंधू तरी होती. इथे बारमाही नदी नाही, दोन ओढे आहेत, उत्तरेला मानसर आणि दक्षिणेला मनहर, आणि तेही पावसाळ्यापुरतेच वाहणारे. अशा जागी इ.स.पू. 3000 च्या सुमारास माणसं वस्तीला आली आणि मधले खंड धरून दीड हजार वर्षं तिथे राहिली. आपली मुंबई बेटं पोर्तुगीजांनी इंग्रजांना आंदण दिली 1661 साली. त्याला अजून चारशे वर्षंही झालेली नाहीत.

हे जमलं कसं, ते बघायला तिथे जायचं.

पण त्याआधी एक रविवार कान्हेरीला काढा. आम्ही चेणेकर डोंगराच्या ज्या बाजूला राहतो, त्याच डोंगररांगेच्या पलीकडे कान्हेरीची लेणी आहेत. लोक तिथे मोठा चैत्य बघतात आणि परततात. तुम्ही खडकात खोदलेल्या बारीक पन्हळी बघा. उतारावरचं पाणी टिपून लेण्यापाशी टाक्यात कसं आणलंय, ते बोट ठेवून शोधा. तिथल्या ब्राह्मी शिलालेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हटलंय. गडावर फिरणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, गडावर आधी टाकं शोधायचं असतं. ही नजर घेऊन गेलात तर धोलावीरा आपोआप उलगडतं. न घेता गेलात तर गाइड सांगेल तेवढंच.

आता जायचं कसं. आमच्या चेण्याहून निघालं (घोडबंदर रोडला ट्रॅफिक नसेल तर, म्हणजे पहाटे चारला) की लगेच फाउंटन, उजवीकडे वळून वर्सोव्याचा पूल, आणि पुढे थेट अहमदाबाद हायवे. एकूण साडेआठशे-नऊशे किलोमीटर. गाडी एका दमात मारण्यात काही मर्दुमकी नाही, अहमदाबादला मुक्काम करा. वाटेत लोथलही करता येतं. नाहीतर बोरिवलीहून भूजची रेल्वे पकडा, दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे. भूजहून जुना रस्ता रापरमार्गे, दोनशे किलोमीटरच्या वर. खावड्याहून रण ओलांडणाऱ्या नव्या रस्त्याने हे अंतर बरंच कमी झालं. मात्र त्या रस्त्यावर दुकान, सावली, पंप काहीही गृहीत धरू नका. पेट्रोल भूजलाच भरून घ्या आणि माणशी तीन-चार लिटर पाणी गाडीत टाका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोडून जाऊ नका. मे महिन्यात स्वस्त पडतं म्हणून जाणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

राहायची सोय आहे, आधी बुक करा आणि आदल्या संध्याकाळीच पोचा. सकाळी लवकर सुरुवात करायची. उन्हं तिरपी असताना भिंतींचे थर आणि हौदांच्या पायऱ्या नीट दिसतात. बाराला सगळं एका रंगाचं होतं.

बहुतेक लोक थेट बालेकिल्ल्यावर चढतात. मी उलटं सुचवीन. आधी पूर्वेच्या मोठ्या हौदाच्या काठावर उभे राहा. 73 मीटर लांब, 29 मीटर रुंद आणि सुमारे 10 मीटर खोल, आत उतरायला पायऱ्या. मोहेंजोदडोचं शाळेत पाठ केलेलं महास्नानगृह 12 बाय 7 मीटरचं होतं, हे लक्षात ठेवून बघा. मग दक्षिणेचे हौद. काही तर खडकातच कोरलेत. शहराच्या जागेला सुमारे 13 मीटरचा उतार आहे. ओढ्यावर बंधारे घालून पाणी वळवायचं, एक हौद भरला की पुढच्यात, असं ते गणित. बालेकिल्ल्यातली पावसाच्या पाण्याची गटारंही बघा, त्यातली मुख्य गटारं चांगली उंच आहेत. छतावर आणि रस्त्यावर पडलेलं पाणीही त्यांना सोडायचं नव्हतं! आमच्या पेशात याला रिडंडन्सी म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे लावतात.

ही जागा 1967-68 मध्ये जगत्पती जोशींनी उजेडात आणली. 1990 च्या सुमारास रवींद्रसिंह बिष्ट यांनी उत्खनन सुरू केलं, ते 2005 पर्यंत चाललं. उत्तर दरवाजाजवळ दहा चिन्हांची ती सुप्रसिद्ध पाटी मिळाली. लाकूड कुजून गेलं, जिप्समची अक्षरं तेवढी राहिली. ती कोणालाच वाचता आलेली नाही, त्यामुळे कोणी छातीठोकपणे अर्थ सांगितला तर नुसती मान डोलवा. 2021 च्या जुलैमध्ये युनेस्कोची मोहोर लागली.

शेवटचे थर मात्र मुद्दाम शोधून बघा. सुमारे 4200 वर्षांपूर्वी मोठा कोरडा काळ सुरू झाला असं हवामानाचे अभ्यासक मानतात. धोलावीराही उतरणीला लागलं, शहर ओस पडलं, आणि नंतर जी थोडी माणसं आली त्यांनी साधी गोल घरं बांधली. ज्यांच्या पूर्वजांनी हौद कोरले त्यांना, किंवा त्यांच्याजागी आलेल्यांना, हे सगळं पुन्हा चालू करणं जमलं नाही. घोडबंदर रोडला मे महिन्यात टँकरची रांग बघताना मला ती गोल घरं आठवतात. असो.

बाकी किरकोळ. बूट घाला, टोपी घ्या. भिंतींवर चढू नका. पायाखाली खापरं, शंखाचे तुकडे दिसतील, एकही खिशात टाकू नका, कायद्याने गुन्हा आहे. वेळ उरला तर जवळच जुरासिक काळातलं दगड झालेलं लाकूड आहे. संग्रहालय चुकवू नका, आणि पुरातत्त्व खात्याची अशी संग्रहालयं शुक्रवारी बंद असतात, त्यामुळे लाँग वीकएंड शुक्रवारपासून धरणार असाल तर धोलावीरा शनिवारी ठेवा.