मराठवाड्यातील गायरान : दंडाच्या पावतीपासून सातबाऱ्यापर्यंत

प्रत्येक गावाच्या शिवारात काही जमीन अशी असते की तिच्यावर कोणा एकाची मालकी नसते. तेथे गावची गुरे चरतात, शेळ्यामेंढ्या बसतात, गोरगरीब सरपण वेचतात. या जमिनीला आपण गायरान म्हणतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २२ ने अशी जमीन मोफत चराईसाठी राखून ठेवण्याची तरतूद केली. प्रथा मात्र कायद्याहून पुष्कळ जुनी आहे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद), जालना, बीड, परभणी या जिल्ह्यांत गेल्या सत्तर वर्षांत या शब्दाला दुसराही अर्थ येऊन मिळाला. ज्यांच्याजवळ ना गुरे होती ना शेत, त्यांनी पोटासाठी नांगरलेला माळ म्हणजे गायरान! या दुसऱ्या अर्थाचा इतिहास पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळतो, म्हणून तो येथे थोडक्यात मांडत आहे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली आणि पुढच्याच वर्षी जहागिरी खालसा झाल्या. १९५० साली हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम आला. ही सारी पावले स्वागतार्ह होती, यात शंका नाही. परंतु कूळकायद्याचा लाभ मिळण्यासाठी मनुष्य मुळात कूळ असावा लागतो, कोणाच्या तरी शेतावर त्याची वहिवाट असावी लागते. गावकुसाबाहेरचा सालगडी किंवा रोजाने राबणारी मजूर स्त्री कोणाचेच कूळ नव्हती. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने आणि १९७५ च्या दुरुस्तीने कोरडवाहू जमिनीची मर्यादा ५४ एकरांवर आणली, तरीही अतिरिक्त ठरलेली जमीन या माणसापर्यंत क्वचितच पोहोचली. कायद्याने मालक आणि कूळ यांच्यातील वाद सोडविला. ज्याला जमीनच नाही, त्याच्यासाठी कायद्यात रकाना नव्हता.

हा रकाना चळवळीने निर्माण केला. शेती हा राज्याचा उद्योग व्हावा आणि जमीन जातिभेद न करता कसणाऱ्यांच्या समूहांना द्यावी, हा विचार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ मध्येच लिहून ठेवला होता. १९५३ साली दादासाहेब गायकवाड आणि बी. एस. मोरे यांच्या नेतृत्वाखाली मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. पडीक जमीन आम्हास कसू द्या, एवढीच मागणी होती. १९५९ मध्ये खानदेश व मराठवाड्यात पुन्हा सत्याग्रह झाला. पुढे ६ डिसेंबर १९६४ पासून रिपब्लिकन पक्षाने देशभर सत्याग्रह पुकारला, तेव्हा तीन लाखांहून अधिक स्त्रीपुरुष तुरुंगात गेले. त्या वेळच्या मागणीपत्रात पडीक जमिनीच्या वाटपासोबतच धान्याचे पुरेसे वितरण, भाववाढीला आळा आणि किमान वेतन यांचा उल्लेख होता. आज ज्याला आपण अन्नसुरक्षा म्हणतो तिचा जमिनीशी असलेला संबंध त्या निरक्षर सत्याग्रहींनी तेव्हाच ओळखला होता.

१९७२ च्या दुष्काळाने हा संबंध अधिकच उघड केला. बांधबंदिस्तीच्या आणि खडी फोडण्याच्या कामावर गेलेल्या कुटुंबाला मजुरी मिळाली. पण काम थांबले की चूलही थांबे. ज्यांनी माळ फोडला होता त्यांची स्थिती किंचित वेगळी होती. गायरान म्हणजे बहुधा मुरमाड, उथळ, उताराची जमीन. आधी दगड वेचायचे, त्याच दगडांची ताल घालायची, वाहून जाणारी माती अडवायची आणि मग बाजरी, मूग, मटकी, तूर असे मिश्र पीक घ्यायचे. एक पीक गेले तर दुसरे हाती लागे. खते व बी विकत घेण्याची ऐपत नसल्याने शेणखत आणि घरचे बियाणे हेच भांडवल होते. आज परिसंवादांतून जिला शाश्वत शेती म्हणून गौरविले जाते, ती येथे दारिद्र्याने शिकविली होती.

या शेतीला विरोध झाला नाही असे नाही. उभ्या पिकात गुरे सोडली गेली, बहिष्कार पडले. महसूल खात्याने दंड बसविला आणि गाव नमुना १-ई या अतिक्रमणांच्या नोंदवहीत कसणाऱ्यांची नावे घातली. येथेच इतिहासाने एक विलक्षण वळण घेतले. शासनाने १९७८ मध्ये भूमिहीनांची जुनी अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण स्वीकारले आणि २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने ही मुदत १४ एप्रिल १९९० पर्यंत आणली. आता आपला ताबा जुना आहे, हे सिद्ध करण्याचा भार कसणाऱ्यावर आला. त्याच्याजवळ पुरावा कोणता? तीच १-ई मधील नोंद, तीच दंडाची पावती! अपराधाचा कागद हक्काचा कागद ठरला. बीड जिल्ह्यातून उभ्या राहिलेल्या मानवी हक्क अभियानाने आणि त्याचे नेते अॅड. एकनाथ आवाड यांनी गायरानधारकांच्या हक्कासाठी आयुष्य वेचले.

तथापि अनेकांच्या नावे सातबारा आजही झालेला नाही. सातबारा नाही म्हणून पीककर्ज नाही, विहिरीचे अनुदान नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या किसान सन्मान निधीसाठीही जमिनीची नोंद हवी. तीन पिढ्या कसूनही हे कुटुंब सरकारदरबारी शेतकरी ठरत नाही.

दुसरी बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. गायरान संपले तर मेंढपाळाने कोठे जावे? २०११ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला तो याच चिंतेने. पण त्याच निकालात भूमिहीन मजूर व अनुसूचित जातिजमातींना शासकीय अधिसूचनेनुसार दिलेल्या जमिनींचा अपवादही नमूद आहे. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा राज्यातील दोन लाखांहून अधिक अतिक्रमणांचा आकडा पुढे आला. त्यात गरिबाची झोपडी आणि धनिकाचे बांधकाम एकाच शब्दात मोजले गेले. या दोहोंत फरक करणे हेच न्यायाचे काम आहे.

ब्राझीलमध्येही हा प्रश्न उभा राहिला. तेथे १९७५ मध्ये महागुरूंच्या पुढाकाराने भूमीविषयक आयोग स्थापन झाला, १९८४ मध्ये भूमिहीनांची संघटना उभी राहिली आणि १९८८ च्या राज्यघटनेने जमिनीचे सामाजिक कर्तव्य मान्य केले. तेथील भूमिहीन बड्या जमीनदाराच्या पडून असलेल्या जमिनीवर तळ देतो. आपल्याकडचा भूमिहीन गावाच्या माळावर जातो, कारण मालकीच्या जमिनीकडे बोट दाखविण्याचे धैर्य समाजाने त्याला दिलेले नाही. पोप सहावे पॉल यांनी १९६७ च्या परिपत्रकात संत अंब्रोजचा आधार घेऊन सांगितले की खाजगी मालकीचा हक्क निरपवाद नाही. ही शिकवण आपण व्यासपीठावरून ऐकतो. तिची परीक्षा मात्र शिवारात होते.

म्हणून वाचकांना विनंती आहे. आपल्या गावी गायरानाचा वाद निघाला, तर ‘अतिक्रमण’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी तलाठ्याकडील १-ई नोंदवही पाहावी. कोणाचे नाव कोणत्या सालापासून आहे, दंड कोणी भरला आणि त्या मातीतून कोणाचे पोट भरले, हे तेथे व त्या माळावर वाचता येते. चराईसाठी किती जमीन राखावी हे ग्रामसभेने जरूर ठरवावे. परंतु ज्याने दगड वेचून माती केली, त्याला प्रथम सातबारा मिळावा आणि मग उरलेल्या माळाची मोजणी व्हावी.