कॉलेजमधली 'बिंज ड्रिंकिंग': कारणं आणि धोके

महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइनसाठी वयाची अट २१ वर्षं आहे, तर इतर मद्यासाठी २५. तरीही हॉस्टेल, रूमवरच्या पार्ट्या आणि फेस्टमध्ये दारू पोहोचतेच. घरापासून दूर राहणं, मित्रांचा आग्रह आणि परीक्षेचा ताण ही त्यामागची नेहमीची कारणं.

खरा धोका कमी वेळात भरपूर पिण्यात आहे. यकृत तासाभरात साधारण एका लहान पेगमधलंच अल्कोहोल पचवतं, उरलेलं रक्तात साठतं. मग मेंदूत आठवणी तयार होत नाहीत, अपघात आणि भांडणं होतात, लेक्चर बुडतात.

पिणं थांबल्यावरही रक्तातलं अल्कोहोल काही काळ वाढू शकतं. त्यामुळे बेशुद्ध मित्राला 'झोपू दे' म्हणून एकटं सोडू नये. कॉफी किंवा लिंबूपाण्याने नशा उतरत नाही. त्याला कुशीवर वळवावं, सोबत थांबावं आणि १०८ वर फोन करावा.