परमुलखातले बाळंतपण

बाळंतपणाला माहेर हवे, असे आपण सहज म्हणतो. पण समुद्र ओलांडून आलेल्या स्त्रीने कोणत्या माहेरी जावे? १८९३ मध्ये न्यू यॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या स्थलांतरितांच्या वस्तीत लिलियन वॉल्ड ही तरुण परिचारिका गृहशुश्रूषेचा वर्ग घेत होती. एक लहान मुलगी तिला आपल्या आईकडे घेऊन गेली. ती ओली बाळंतीण दोन दिवसांपूर्वीच्या रक्तस्रावाने माखलेल्या बिछान्यावर पडून होती. त्यानंतर वॉल्ड त्याच वस्तीत राहावयास गेली. पुढे हेन्री स्ट्रीट सेटलमेंट उभी राहिली आणि तिच्या परिचारिका घरोघरी जाऊ लागल्या.

१९२१ च्या शेपर्ड-टाउनर कायद्याने माता-बालकांच्या आरोग्यासाठी केंद्राचा पैसा मिळू लागला. १९२९ मध्ये तो थांबला. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात कारखान्यांतील स्त्रियांसाठी प्रसूतिलाभाचा कायदा झाला, हा योगायोग आम्हांला लक्षणीय वाटतो.

वॉल्डने तो प्रसंग ‘द हाउस ऑन हेन्री स्ट्रीट’ (१९१५) या पुस्तकात सांगितला आहे. त्यात परिचारिकेचे आयुष्य बदलते. बाळंतीण मात्र निनावीच राहते. सेवेचा इतिहास सेवा करणाऱ्यांनी लिहिला. जिची सेवा झाली, तिच्या भाषेतले पान आम्हांला अजून वाचावयाचे आहे.