ऑस्बॉर्न : राणीचे सागरतीरीचे विश्रांतिस्थान आणि पाच शिलिंगांचा खटला

१/ इंग्लंडच्या दक्षिणेस, आइल ऑफ वाइट बेटावर, सॉलेंट सामुद्रधुनीच्या काठी ऑस्बॉर्न नावाचा राजप्रासाद आहे. केवळ विसाव्यासाठी उभारलेल्या या वास्तूच्या आवारात पुढे आरमारी महाविद्यालय आले. तेथील एका तेरा वर्षांच्या छात्रावरील आरोपाने थेट ब्रिटिश आरमार खात्याला न्यायालयात खेचले.

२/ राणी व्हिक्टोरिया आणि तिचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी ही मालमत्ता १८४५ मध्ये घेतली. दरबारी शिष्टाचारापासून दूर, मुलाबाळांसह मोकळेपणाने राहता येईल असे घर त्यांना हवे होते. येथील समुद्र पाहून अल्बर्टला नेपल्सच्या उपसागराची आठवण होई. त्यामुळे बांधकाम व्यावसायिक थॉमस क्युबिट याच्या साहाय्याने इटालियन धर्तीचा प्रासाद उभा राहिला.

३/ बागेत मुलांसाठी 'स्विस कॉटेज' होते. राजपुत्र आणि राजकन्या तेथे स्वयंपाक व बागकाम शिकत. शेजारीच खेळण्यासाठी मातीचा छोटा किल्ला होता. त्यात रमणारा प्रिन्स आर्थर पुढे खरोखरच सेनानी झाला. १८८६ ते १८९० या काळात तो मुंबई इलाख्याच्या फौजेचा सरसेनापती होता.

४/ २२ जानेवारी १९०१ रोजी व्हिक्टोरियाचे याच घरात निधन झाले. सातव्या एडवर्डला या घराचा लोभ नव्हता. १९०२ मध्ये, राज्याभिषेकाच्या वेळी, त्याने ते राष्ट्राला अर्पण केले. प्रासादाच्या एका भागात अधिकाऱ्यांसाठी आरोग्यधाम झाले आणि तबेल्यांच्या परिसरात १९०३ मध्ये 'रॉयल नेव्हल कॉलेज' सुरू झाले.

५/ नाव महाविद्यालयाचे असले, तरी छात्र जेमतेम तेरा वर्षांचे असत. येथे दोन वर्षे काढून ते पुढील शिक्षणासाठी डार्टमथला जात. भावी आठवा एडवर्ड आणि सहावा जॉर्ज हे भाऊही येथेच शिकले.

६/ ऑक्टोबर १९०८ मध्ये जॉर्ज आर्चर-शी या छात्रावर सहाध्यायाची पाच शिलिंगांची पोस्टल ऑर्डर चोरून वटवल्याचा ठपका आला. आधार होता तो हस्ताक्षरतज्ज्ञाच्या मताचा आणि पोस्टातील बाईंच्या जबानीचा. बाजू मांडण्यास वकील नाही, उघड सुनावणी नाही. मुलाला घेऊन जा, असे वडिलांना पत्राने कळवण्यात आले.

७/ वडिलांनी मुलाच्या शब्दावर विश्वास ठेवला. परंतु दाद मागावी कोठे? राजसत्तेवर दावा करण्यास त्या काळी राजाचीच अनुमती लागे. नामवंत वकील एडवर्ड कार्सन यांनी तसा अर्ज करून जुलै १९१० मध्ये खटला उभा केला. उलटतपासणीत पोस्टातील साक्ष डळमळली. चौथ्या दिवशी सरकारी पक्षाने जॉर्ज निर्दोष असल्याचे मान्य केले. १९११ मध्ये खर्चासह ७,१२० पौंडांची भरपाई मिळाली.

८/ जॉर्ज आरमारात परतला नाही. महायुद्ध सुरू होताच तो भूदलातून लढला आणि १९१४ मध्ये ईप्रच्या रणभूमीवर, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, मारला गेला. १९२१ मध्ये महाविद्यालय बंद झाले. टेरेन्स रॅटिगन यांच्या १९४६ च्या 'द विन्स्लो बॉय' या नाटकाचे बीज याच खटल्यात आहे.

९/ आज प्रासाद सर्वांसाठी खुला आहे. स्विस कॉटेज आणि तो खेळण्यातला किल्ला तेथे अजूनही जपून ठेवलेला आहे. ज्या आवारात राणीच्या मुलांना सैनिक होण्याचा खेळ खेळता आला, त्याच आवारात बँकेतील एका अधिकाऱ्याच्या मुलाला आपला प्रामाणिकपणा सिद्ध करण्यासाठी जवळजवळ दोन वर्षे वाट पाहावी लागली.