दक्षिणेच्या पैशातून उभे राहिलेले कॉलेज

पुण्यातले सर्वात जुने कॉलेज कोणते, असे विचारले की मुले चटकन फर्ग्युसनचे नाव घेतात. बावधनहून शहरात उतरले की ते लवकर गाठता येते, येरवडा मात्र पार दुसऱ्या टोकाला. पण फर्ग्युसन सुरू झाले १८८५ साली, आणि ते काढणारी टिळक-आगरकरांची मंडळी स्वतः शिकली होती येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात. म्हणजे शिष्याचे नाव सर्वांना माहीत आहे, उस्तादाचे नाही. आज त्या उस्तादाविषयी.

सुरुवात पैशापासून करू, कारण या कॉलेजचा इतिहास मुळात पैशाचाच इतिहास आहे. तळेगावच्या सेनापती दाभाड्यांनी श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा देण्याची प्रथा सुरू केली आणि पुढे पेशव्यांनी ती मोठ्या प्रमाणावर चालवली. १८१८ मध्ये पेशवाई गेली. ही दक्षिणा एकदम बंद केली तर शहर बिथरेल, हे एल्फिन्स्टन ओळखून होता. त्या रकमेचा काही भाग शिक्षणाकडे वळवण्यात आला आणि ६ ऑक्टोबर १८२१ रोजी कमिशनर चॅप्लिन यांनी विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. इंग्रज तिला 'हिंदू कॉलेज' म्हणत. शिकवायला शास्त्री, विषय वेद, न्याय, व्याकरण, ज्योतिष, वैद्यक असे. विद्यार्थी ब्राह्मण.

इथे एक साधी गोष्ट लक्षात घ्यावी. दक्षिणेचा पैसा रयतेच्या साऱ्यातून येत होता. तो भरणाऱ्यांत कुणबी होता, माळी होता, मोमीन आणि तांबोळीही होता. वाड्याच्या आत मात्र त्यांच्या मुलांना जागा नव्हती.

पण दार हळूहळू किलकिले होत गेले. १८३७ मध्ये काही जुने विषय गळाले, मराठी आणि इंग्रजी आली आणि प्रवेश सर्वांना खुला झाला, निदान कागदावर तरी. १८५१ मध्ये पाठशाळा आणि सरकारी इंग्रजी शाळा एकत्र करून 'पूना कॉलेज' झाले. त्याचे प्रमुख मेजर थॉमस कँडी. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात ज्यांचा मोठा वाटा, तेच हे कँडी.

बाहेरून धडकाही बसत होत्या. १८४९ मध्ये सुधारक मंडळींनी सरकारकडे अर्ज केला की दक्षिणेचा काही पैसा मराठी ग्रंथलेखनासाठी द्यावा. सनातनी खवळले. तेव्हा अर्जदारांच्या रक्षणासाठी आपली माणसे घेऊन जो तरुण उभा राहिला, तो जोतीराव फुले. या जोतीरावांची शाळा मध्येच सुटली होती. चरित्रकार सांगतात की मुलाला पुन्हा शाळेत घाला, असे गोविंदरावांना पटवले ते दोघांनी: गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब. गफार बेग हे उर्दू-फारसीचे शिक्षक. उर्दू शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला या एका ओळीचा किती अभिमान वाटतो, ते सांगायला नको.

१८५२ मध्ये याच विश्रामबाग वाड्यात मुलींच्या शाळांच्या कार्याबद्दल मेजर कँडींच्या हस्ते जोतीरावांचा शालजोडी देऊन सत्कार झाला. पण १८५५ मध्ये त्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले, तेव्हा कमिटीने ते नाकारले. दार उघडते आणि पुन्हा लोटले जाते, ते असे.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि पूना कॉलेज त्याला जोडले गेले. वाडा अपुरा पडू लागला. सर जमशेटजी जीजीभाई या पारशी घराण्याने एक लाख रुपये दिले, १८६४ मध्ये गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी येरवड्याला पायाभरणी केली आणि १८६८ मध्ये कॉलेज नव्या दगडी गॉथिक इमारतीत गेले. नाव पडले डेक्कन कॉलेज. डेक्कन म्हणजे दख्खन, आणि दख्खन म्हणजे दक्षिण. आपल्या घरात बोलली जाणारी दखनी याच शब्दातून आली आहे.

शिक्षणाचा दर्जा मोठा होता. एडविन आर्नल्ड, वर्ड्सवर्थ, सेल्बी यांच्यासारखे प्राचार्य. संस्कृतला आधी जर्मन पंडित कीलहॉर्न, नंतर रा. गो. भांडारकर. दक्षिणेच्या निधीतूनच हुशार पदवीधरांना 'दक्षिणा फेलो' नेमत. आगरकर असेच फेलो होते. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, राजवाडे हे सारे इथले विद्यार्थी. एक उणीव मात्र सलते. मुंबई विद्यापीठाने उच्च परीक्षांतून देशी भाषा वगळल्या आणि मराठीच्या राजधानीतले कॉलेज मराठीशिवाय पदव्या देत राहिले. मराठीला परत आणण्यासाठी न्यायमूर्ती रानडे आयुष्याच्या अखेरपर्यंत झटले.

१९३४ मध्ये काटकसरीचे कारण देऊन सरकारने कॉलेज बंद केले. माजी विद्यार्थी गप्प बसले नाहीत, कोर्टात गेले. देणगी शिक्षणासाठी दिलेली, म्हणजे ती अमानत. आपल्याकडे वक्फची जी कल्पना आहे, तिच्या अगदी जवळची ही गोष्ट. १९३९ मध्ये दारे पुन्हा उघडली, पण बी.ए.च्या वर्गांसाठी नाही, संशोधनासाठी. सांकळिया, इरावती कर्वे, शेजवलकर ही नावे वाचकांना परिचित असतील. त्याच पहिल्या फळीत मध्ययुगीन इतिहासाला होते डॉ. महंमद अब्दुल्ला चगताई, ताजमहालवर फ्रेंचमध्ये ग्रंथ लिहिणारे लाहोरचे विद्वान. अहमदाबादच्या मुस्लिम वास्तू त्यांच्या शिलालेखांतून कशा वाचाव्यात, यावरचे त्यांचे काम या संस्थेनेच १९४२ मध्ये छापले. १९९० मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

एका जातीसाठी सुरू झालेली पाठशाळा पारशी दानावर वाढली, माळ्याच्या मुलाशी भांडली, त्याचा सत्कारही केला आणि शेवटी शिलालेख वाचणाऱ्या चगताईंना खुर्ची दिली. हे कुणाच्या मेहेरबानीने झाले नाही. प्रत्येक वेळी कोणीतरी अर्ज केला, कोणीतरी कोर्टात गेले.

म्हणून आपल्या मुलांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. साताऱ्याचा पारसनीसांचा ऐतिहासिक संग्रह १९३९ मध्ये इथेच आला, नाना फडणीसांचे मेणवली दप्तरही इथेच आहे. मराठेशाहीचा कारभार मोडीत चाले, परराज्यांशी पत्रव्यवहार बराचसा फारसीत. दोन्ही लिप्या वाचणारी माणसे आज फार थोडी उरली आहेत. उर्दू शाळेत शिकलेल्या मुलाला नस्तालिक येते आणि घरीदारी मराठी येते. त्याने शिकस्ता आणि मोडी एवढे दोनच जिने चढायचे आहेत. मराठ्यांच्या इतिहासाचे कागद वाचायला आपल्याइतका तयार विद्यार्थी दुसरा कोण आहे? दहावीनंतर काय, असे विचारायला येणाऱ्या पालकांना मी आता डॉक्टर-इंजिनिअरबरोबर हाही रस्ता सांगतो.